अखिल्लेउसची टाच आणि तुझ्या बाबांची पाटी

प्रिय चिऊ,

काल तू फोन ठेवलास तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. त्यानंतर बराच वेळ मी तशीच पलंगावर बसून होते. तू रडलीस याचं वाईट वाटलंच, पण डोक्यात राहिलं ते तुझं शेवटचं वाक्य. ‘मावशी, ही भाषाच आपली नाही गं.’

वर्गात तुला उभं करून वाचायला सांगितलं. टाचेच्या वरच्या जाड शिरेचं नाव आलं आणि जशी अक्षरं दिसली तसं तू वाचलंस, ‘अचिल्स टेंडन’. मागचे बाक हसले. शिकवणाऱ्या बाईही हसल्या आणि ‘मराठी मीडियम का?’ म्हणाल्या. मग पुढची ओळच तुला दिसेना.

मला ते अगदी कळलं, कारण माझ्या नर्सिंगच्या ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी मी ‘प्सायकॉलॉजी’ म्हटलं होतं. समोर पी धडधडीत लिहिलेला, तो म्हणायचा नाही हे मला कोण सांगणार? एका डॉक्टरांनी पुढे सहा महिने वॉर्डात मला त्याच शब्दाने हाक मारली. कुठलाही नवा इंग्रजी शब्द आधी दुसऱ्या कुणी म्हणेपर्यंत मी गप्प राहायचे, ती सवय पुढे कितीतरी वर्षं गेली नाही. चौतीस वर्षं नोकरी त्याच शब्दांच्या सोबतीने केली, पण त्यांच्या घरादाराची चौकशी केली ती रिटायर झाल्यावर, दुपारचा वेळ हाताशी आला तेव्हा. आणि तेव्हा कळलं की तो पी मुळात म्हणायचाच होता. ग्रीक लोक ‘प्सूखे’ म्हणत. शब्दाच्या तोंडाशी आलेलं प्स इंग्रजांच्या जिभेला झेपलं नाही, म्हणून त्यांनी बोलताना प टाकला आणि लिहिताना तेवढा ठेवला.

तुझ्या अचिल्सचंही तसंच. तुझा उच्चार चुकला हे खरं. इंग्रजीत ‘अकिलीस’ म्हणतात, परीक्षेत तू तसंच म्हण. पण ज्याचं ते नाव, त्याला त्याची माणसं ‘अखिल्लेउस’ म्हणत. त्यात ख आहे, आपल्या खडूतला, खिडकीतला ख. प्राचीन ग्रीकमध्ये क वेगळा आणि ख वेगळा, त वेगळा आणि थ वेगळा, प वेगळा आणि ओठ मिटवून म्हणायचा फ वेगळा. इंग्रजीत ही जोडी वेगळी राहिली नाही, सगळ्या ख-चा क झाला. ‘इको’ हा मूळचा ‘एखो’, आणि ‘केऑस’ हा ‘खाओस’. बालवाडीत बाराखडी घोकताना तुझ्या जिभेवर बसलेले हे आवाज. तुला हसणाऱ्यांच्या उच्चारापेक्षा तुझी जीभ त्या नावांच्या जास्त जवळ जाऊ शकते. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही, भाषेचा अभ्यास करणारे असंच सांगतात.

आता त्याच्या टाचेचं. अखिल्लेउसची आई थेटिस ही समुद्रातली देवी. पोराला मरण येऊ नये म्हणून तिने त्याला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवून काढलं. बुडवताना धरलं होतं टाचेला, तेवढी टाच कोरडी राहिली आणि पुढे बाण तिथेच लागला. दुर्योधनाला गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडून पाहिलं आणि मांडी तेवढी झाकलेली राहिली, ही गोष्ट तुला आजीने सांगितलेली आहे. आईच्या मायेतून सुटलेली तेवढीच जागा घात करते, हे त्यांनाही सुचलं आणि आपल्यालाही. गंमत म्हणजे होमरच्या ‘इलियड’मध्ये ही टाचेची गोष्ट नाहीच, ती नंतरच्या कवींनी जोडली. आपल्याकडेही पट्टी सोडण्याची गोष्ट लोकांनी पुढे महाभारताला जोडली, तसंच हे. शिरेला त्याचं नाव दिलं व्हेरहेयन नावाच्या फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञाने, १६९३ साली.

त्या काळी युरोपातला डॉक्टर कुठल्याही देशाचा असो, तो लॅटिन आणि ग्रीक शिकूनच डॉक्टर व्हायचा. नवं काही सापडलं की नावासाठी तो त्या जुन्या कथांकडेच जायचा. आपण काय वेगळं करतो? डोळ्यातल्या आयरिसला मराठीत शब्द हवा झाला तेव्हा आपण संस्कृतकडे गेलो आणि ‘परितारिका’ घेऊन आलो. म्हणजे ते ग्रीक-लॅटिन शब्द इंग्रजांच्या घरीही पाहुणेच आहेत. चारशे वर्षं राहिले म्हणून घरचे वाटायला लागले, एवढंच.

म्हणून तू ही नावं नुसती घोकू नकोस. उद्या मानेचे मणके येतील. पहिल्याचं नाव अ‍ॅटलास. मानेच्या मागे, कवटी संपते तिथे बोटं ठेव आणि ‘हो’ म्हणताना हलवतो तशी मान हलव. ती हालचाल कवटी आणि अ‍ॅटलास यांच्यामधली. ग्रीकांचा अ‍ॅटलास खांद्यावर आकाश तोलून धरतो, आपला शेष मस्तकावर पृथ्वी. तुझं डोकं त्या एका कड्यासारख्या मणक्यावर तोललेलं आहे. हे एकदा बोटांना कळलं की तू ते नाव विसरून दाखव.

पण मला खरं सांगायचंय ते अ‍ॅट्रोपीनबद्दल.

मी तालुक्याच्या दवाखान्यात होते तेव्हा कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की आमच्या पोटात गोळा यायचा. एका संध्याकाळी एक पंचवीसेक वर्षांचा मुलगा बैलगाडीतून आणला. दिवसभर पंप पाठीला लावून वाऱ्याच्या तोंडाने फवारलं होतं. अंगातला शर्ट औषधाने भिजलेला, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. आधी शर्ट काढला, अंग साबणाने धुतलं. डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपीन सुरू करायला सांगितलं. एका अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम. फोडायची, भरायची, शिरेतून द्यायची, छाती ऐकायची, बाहुल्या बघायच्या, नाडी मोजायची, की पुन्हा पुढची फोडायची. घरघर थांबेपर्यंत हेच. किडनी ट्रेमध्ये काचेच्या माना साठत गेल्या. माझ्या अंगठ्याला चिरा पडल्या होत्या, त्या सकाळी कळल्या. त्याची आई दाराशी उकिडवी बसून होती, एक शब्द बोलली नाही. पहाटे चारच्या सुमाराला छाती मोकळी वाजायला लागली, बाहुल्या मोठ्या झाल्या. आणि तो ‘पाणी’ म्हणाला. तोंड कोरडं पडलं म्हणजे औषध लागू पडलं, हे मला ठाऊक होतं. मी आईकडे बघून मान हलवली.

आता ते नाव कुठून आलं बघ. ग्रीकांच्या तीन बहिणी माणसाचं आयुष्य ठरवतात. क्लोथो सूत कातते, लाखेसिस ते मापते आणि थोरली अ‍ॅट्रोपोस कात्रीने तोडते. अ‍ॅट्रोपोस म्हणजे जिला मागे वळवता येत नाही ती. त्यातला सुरुवातीचा ‘अ’ हा आपल्या ‘अटळ’मधलाच ‘अ’. ग्रीकचा नकाराचा अ आणि संस्कृतचा नकाराचा अ सख्खे भाऊ आहेत, आणि आपलं ‘अमृत’ व त्यांच्या देवांचं ‘अँब्रोसिया’ एकाच मुळातून आलेले. एका विषारी झुडपाला लिनियसने १७५३ मध्ये या कात्रीवालीचं नाव दिलं, ‘अ‍ॅट्रोपा बेलाडोना’. त्या झुडपातून जे काढलं ते अ‍ॅट्रोपीन. ज्या रात्री मी ते अर्ध्या-अर्ध्या तासाने नाही, मिनिटामिनिटाला देत होते, त्या रात्री मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सूत तोडणारीचं नाव असलेलं औषध मी सूत तुटू नये म्हणून देत होते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ओट्याशी जाऊन उभी राहिले. त्या आईचा चेहरा समोर आला.

आणि या तिघी बहिणी मला परक्या वाटल्याच नाहीत. प्रसूतीच्या वॉर्डात पाचवी-सहावीच्या रात्री बायका बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवायच्या, सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणून. रात्रीच्या राउंडला तो कागद मी कधी हलवला नाही.

मॉर्फीनचं तुला पुढच्या वर्षी कळेल. दोन कुलपांचं कपाट, चावी सिस्टरच्या कमरेला, प्रत्येक अँप्युलची वहीत नोंद, रिकामीसुद्धा हिशेबात. पॅडरबोर्नच्या एका औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या सेर्ट्युर्नर नावाच्या विशी-बाविशीतल्या मुलाने १८०५च्या सुमारास अफूतून हे वेगळं काढलं आणि मॉर्फियसचं नाव दिलं. मॉर्फियस म्हणजे निद्रादेवाचा मुलगा, तो स्वप्नात माणसाचं रूप घेऊन येतो. कॅन्सरचा एक म्हातारा इंजेक्शननंतर झोपेत बायकोशी बोलायचा, आठ वर्षांपूर्वी गेलेल्या. त्यामुळे हे नाव मला फार नेमकं वाटतं. ग्रीकांनी झोप आणि मृत्यू यांना जुळे भाऊ मानलं होतं. रात्रपाळी केलेल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही.

आता एक शब्द तुला आधीच माहीत आहे. गेल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा त्यांचा टूडी इको केला, आठवतं? तू बाहेर बाकावर होतीस, मी आत. अंधारी खोली. बाबा डाव्या कुशीवर, छातीला गार जेल, टेक्निशियन म्हणे ‘श्वास सोडा, धरा’. पडद्यावर झडप उघडत-मिटत होती, दाराच्या पडद्यासारखी. इको ही डोंगरात राहणारी बोलघेवडी अप्सरा. तिने देवांची राणी ज्यूनो हिला गप्पांत गुंगवून ठेवलं, मागे नवऱ्याचे उद्योग चालू. राणीने शाप दिला, यापुढे तुला स्वतःचं काही बोलता येणार नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणशील. पुढे ती नार्सिसस नावाच्या तरुणावर जीव लावून झिजत गेली, शेवटी नुसता आवाज उरला. स्वीडनमध्ये लुंड गावी एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी १९५३ मध्ये हृदयावर आवाजाच्या लाटा सोडून परत येणाऱ्या लाटा टिपल्या, तिथून ही तपासणी सुरू झाली. आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत जातो, हृदयावर आपटतो, आणि जसा आपटला तसाच परत येतो. इको स्वतःचं काही मिसळत नाही. बाबांचं हृदय चांगलं आहे हे आपल्याला तिनेच सांगितलं.

एका शब्दाबद्दल मात्र तुला बजावते. हॉस्टेलवर पोरीपोरी एकमेकींना ‘सायको’ म्हणतात, तू फोनवर म्हटलंस परवा. नको म्हणू. प्सूखे म्हणजे जीव, आत्मा, आणि ग्रीक त्याच शब्दाने फुलपाखरालाही ओळखत. प्सूखे नावाची मुलगी नवऱ्याच्या शोधात पाताळापर्यंत जाऊन येते अशी त्यांची कथा आहे. मनाच्या आजाराचा माणूस तुझ्या वॉर्डात येईल तेव्हा त्याच्या कागदावर हा शब्द असेल. त्याची शिवी आपण करायची नाही.

हायजीनचं थोडक्यात. अस्क्लेपिओस हा ग्रीकांचा वैद्यदेव, त्याच्या काठीला एक साप, जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात आहे तो. दोन साप आणि पंख असलेली काठी वैद्याची नव्हे, ती हर्मिस या निरोप्या देवाची. लोक सर्रास गल्लत करतात. अस्क्लेपिओसच्या मुलींपैकी दोघी, पॅनेशिया आणि हायजिया. डॉक्टरांच्या हिपोक्रेटिसच्या शपथेत दोघींची नावं आहेत. पॅनेशिया म्हणजे आपला रामबाण उपाय, एका औषधात सगळं बरं. हायजिया म्हणजे आजार होऊच न देणारी. मला विचारशील तर मी हायजियाच्या बाजूची. रामबाण मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. साबणाने धुतलेले हात मात्र रोज पाहिले, आणि त्यामुळे घरी गेलेल्या बाळंतिणी पाहिल्या.

घरातही बघ. आई ‘गॅस संपला’ म्हणते. सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्मोंटला हवेसारख्या पदार्थाला नाव हवं होतं, त्याने ‘खाओस’वरून ‘गॅस’ केलं. खाओस म्हणजे सृष्टीच्या आधीची पोकळी. १०८ची गाडी येते तिचा सायरन घे. सायरन या गाऊन खलाशांना खडकावर ओढून नेणाऱ्या, ओडिसियसने साथीदारांच्या कानात मेण घातलं आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं. १८१९ मध्ये एका फ्रेंच माणसाने पाण्याखालीही वाजणारं यंत्र केलं आणि त्याला हे नाव दिलं. ज्यांना ऐकून माणसं मरायची, त्यांच्या नावाने आता रस्ता मोकळा होतो. पॅनिक म्हणजे रानात एकट्या वाटसरूला दचकवणारा बकऱ्याच्या पायांचा पॅन. आजोबांना सागाच्या जंगलात चकवा लागायचा, त्याचा लांबचा नातेवाईक म्हण हवं तर.

आणि शेवटचा तुझ्या स्वतःच्या दारातला. बाबांच्या दुकानाच्या पाटीवर वर्षानुवर्षं ‘वल्कनायझिंग’ लिहिलेलं आहे. तू लहानपणी तिथे टायरवर बसून अभ्यास करायचीस. बाबा ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात फिरवायचे, बुडबुडे आले की तिथे खूण. मग कानशीने घासणं, सोल्यूशन, वर कच्च्या रबराचा तुकडा, आणि शेगडीच्या पकडीत आवळून ठेवणं. जळक्या रबराचा तो वास तुझ्या वह्यांना यायचा आणि शाळेत मुली नाक मुरडायच्या, तेही तू मला सांगितलं होतंस. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला सापडलं की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही. तिकडे इंग्लंडात हॅनकॉक हेच करत होता, त्याच्या ब्रॉकडन नावाच्या मित्राने नाव सुचवलं, व्हल्कनवरून. व्हल्कन म्हणजे रोमनांचा अग्नीचा आणि भट्टीचा देव. ग्रीक त्यालाच हेफेस्टस म्हणत. देवांमधला एकटा कारागीर तो, आणि पायाने अधू.

‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात तो देवांच्या पंगतीत लंगडत लंगडत पेले भरत फिरतो आणि सगळे देव त्याला पाहून हसतात. पुढे ट्रॉयच्या युद्धात अखिल्लेउसचं चिलखत शत्रूच्या हाती जातं, तेव्हा त्याची आई थेटिस याच्याच भट्टीत येते. तो रातोरात ढाल घडवतो. तिच्यावर आकाश, समुद्र, नांगरणी, लग्नाची वरात, द्राक्षांचे मळे, सगळं जग उमटवतो. तुला ज्याचं नाव वाचता आलं नाही, त्याच्या अंगावरचं ते नवं चिलखत या लंगड्याने घडवलेलं.

आज सकाळी मी बाबांना फोन करून हे सांगितलं. वर्गातलं नाही सांगितलं, ते तू सांगायचं तर सांग. फक्त पाटीवरच्या देवाचं सांगितलं. पोलिओने बारीक झालेला पाय घेऊन तीस वर्षं उकिडवं बसून काम केलेला माणूस तो. बराच वेळ काही बोललेच नाहीत, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, ‘लंगडा? आणि देव?’ मी हो म्हटलं. मागे कुणीतरी ट्रकवाला हाका मारत होता. ‘थांब जरा,’ त्याला म्हणाले, आणि मला त्या देवाचं नाव पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं.

पाटीचा रंग उडालाय, दिवाळीआधी पेंटरला बोलावणार आहेत. तू येशील तेव्हा अक्षरं तूच तपासून दे.

रविवारी फोन कर, मणक्यांचा धडा घेऊन बस. लॅम्प लायटिंगच्या समारंभाची तारीख कळली की लगेच सांग, मला एसटीचं रिझर्वेशन करायचंय.

तुझी
मावशी